पत्रा आणि बंध : पट्टिका-कवचांच्या इतिहासातील पुराव्याचा प्रश्न

१

लॅटिन भाषेत ‘लामिना’ म्हणजे पातळ पत्रा, आणि ‘लामेल्ला’ हे त्याच शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. या एका शब्दावरून युरोपीय शास्त्रांनी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक वस्तूंना नावे दिली आहेत. शारीरशास्त्रज्ञ अस्थीतील थरांना लॅमेला म्हणतो. वनस्पतिशास्त्रज्ञ अळंबीच्या छत्रीखालील पडद्यांना तेच नाव देतो. धातुशास्त्रज्ञ पोलादातील एका विशिष्ट रचनेचे वर्णन करताना तोच शब्द वापरतो. आणि शस्त्रास्त्रांचा अभ्यासक लहान पत्र्या ओवून केलेल्या कवचाला लॅमेलर कवच म्हणतो. प्रस्तुत निबंधात निसर्गातील अशा थरांना ‘पटलिका’ व कवचातील पत्र्यांना ‘पट्टिका’ असे म्हटले आहे.

नाव एक असले म्हणजे वस्तूंचे कूळ एक असते असे नाही, हे सांगावयास फार विद्वत्तेची गरज नाही. तथापि कवचांच्या इतिहासात हा साधा विवेक पुष्कळदा सुटलेला दिसतो. एका देशातील पट्टिका दुसऱ्या देशातील पट्टिकेसारखी दिसली की पहिल्याने ती दुसऱ्याला दिली, असे अनुमान निघते. त्यावरून व्यापारमार्ग आखले जातात, लोकांची स्थलांतरे कल्पिली जातात. या अनुमानाचा पाया कितपत भक्कम आहे, हा येथील विषय होय. त्याचे उत्तर पट्टिकेत जितके आहे तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, पट्टिकांना जोडणाऱ्या बंधात आहे. आणि दुर्दैव असे की मातीत पट्टिका टिकते, बंध टिकत नाही.

२

कवचाकडे वळण्यापूर्वी निसर्गातील व धातूतील तीन उदाहरणे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण पत्रा व बंध यांतील नाते तेथे अधिक स्वच्छ दिसते.

पहिले उदाहरण अस्थीचे. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ऑस्टिओलोजिया नोव्हा’ या ग्रंथात अस्थी ही थराथरांची बनलेली असते असे प्रतिपादन केले. आज हे ज्ञात आहे की यांतील प्रत्येक पटलिका मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाएवढी जाड असते आणि तिच्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची दिशा शेजारच्या पटलिकेतील तंतूंच्या दिशेहून निराळी असते. अस्थीच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो. अस्थी सौम्य आम्लात ठेवली तर खनिज विरघळून जाते. हाडाचा आकार कायम राहतो, पण ते वेताच्या छडीप्रमाणे वाकते. उलट अग्नीने तंतू जळून गेले तर काय होते, हे चितेची राख सावडणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. हाड आकाराने ओळखू येते, परंतु बोटांनी दाबताच त्याचा चुरा होतो. वैद्यकातही याचा दाखला आहे. कोलॅजेनच्या निर्मितीतील आनुवंशिक दोषामुळे होणाऱ्या एका व्याधीत खनिजाची उणीव नसतानाही हाडे क्षुल्लक आघाताने मोडतात. खनिज ठीक, पण त्याला धरून ठेवणारा बंध सदोष, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण शिंपल्याच्या आतील चकाकत्या अस्तराचे, म्हणजे मोत्याच्या शिंपेचे. या अस्तरात वजनाने सुमारे ९५ टक्के अ‍ॅरॅगोनाइट हे खनिज असून ते अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीच्या चकत्यांच्या रूपाने रचलेले असते. दोन चकत्यांच्या मध्ये प्रथिनादी सेंद्रिय द्रव्यांचा अत्यंत पातळ लेप असतो. नुसते अ‍ॅरॅगोनाइट खडूसारखे ठिसूळ. पण या लेपामुळे भेग सरळ पुढे जाऊ शकत नाही, ती प्रत्येक थरापाशी वळते व तिची शक्ती खर्ची पडते. म्हणून शिंपा त्याच खनिजाच्या खड्याहून कित्येक पटींनी चिवट असतो.

तिसरे उदाहरण पोलादाचे. आणि ते मुद्दाम विरोधासाठी घेतले आहे. शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास प्रारंभ केला. त्यातील एक घटक त्याला मोत्याच्या शिंपेप्रमाणे झळाळताना आढळला. पुढे त्या घटकाला ‘पर्लाइट’ हे नाव रूढ झाले, ते या झळाळीवरूनच. त्यात जवळजवळ शुद्ध लोह व लोहाचे कार्बनयुक्त संयुग यांचे थर आलटून पालटून असतात. शिंपा व पर्लाइट यांची झळाळी सारखी, कारण दोन्हींत प्रकाश सूक्ष्म थरांवर पडतो. परंतु शिंप्यात जिवंत प्राणी एकावर एक थर चढवीत जातो व मध्ये बंध घालतो. पोलादात एकच तप्त घन पदार्थ थंड होताना स्वतःच दोन प्रकारच्या थरांत विभागला जातो. तेथे बांधणारा कोणी नाही आणि वेगळा बंधही नाही. रूप एक, नावही एकावरून दुसऱ्याला मिळालेले, तरी उत्पत्ती सर्वस्वी भिन्न! इतिहासाच्या अभ्यासकाने हे उदाहरण सदैव ध्यानात ठेवावे असे आहे.

३

आता कवचांचा विचार करावयाचा. लहान पत्र्यांपासून बनविलेल्या कवचांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात. पहिला शल्क-कवचाचा. यात पत्र्या कापडाच्या वा चामड्याच्या अस्तरावर शिवलेल्या असतात आणि छपरावरील कौलांप्रमाणे वरची ओळ खालच्या ओळीवर येते. दुसरा पट्टिका-कवचाचा. यात अस्तराला रचनेच्या दृष्टीने महत्त्व नसते. प्रत्येक पट्टिकेला अनेक छिद्रे असून ती दोऱ्याने किंवा वादीने शेजारच्या पट्टिकांशी व वरच्या-खालच्या ओळींशी ओवलेली असते, आणि ओळी बहुधा खालून वर अशा एकमेकींवर येतात. तिसरा वर्ग कडी-पट्टिका कवचाचा. त्यात पत्र्या लोखंडी कड्यांच्या जाळीने एकत्र गुंफलेल्या असतात.

या तीन वर्गांतील भेद पत्र्याच्या द्रव्याचा नाही. पत्रा लोखंडाचा, काशाचा, कातड्याचा, शिंगाचा वा हाडाचा असू शकतो. भेद आहे तो सर्वस्वी जोडणीचा. बेंग्ट थोर्डेमान या स्वीडिश पुराणवस्तुसंशोधकाने १९३९-४० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या विस्बी येथील कवचांवरील ग्रंथात छिद्रांची मांडणी व ओवण्याची पद्धत यांवर जो भर दिला, त्याचे महत्त्व येथेच आहे. गोटलंड बेटावरील विस्बी नगराबाहेर २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा वाल्डेमार याच्या सैन्याने तेथील शेतकऱ्यांच्या फौजेचा संहार केला. उन्हाळ्याचे दिवस, प्रेते अनेक; त्यामुळे मृतांना त्यांच्या कवचांसकट सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यात आले. १९०५, १९१२ आणि १९२८-३० या वर्षी झालेल्या उत्खननांत ही कवचे बाहेर आली. त्यांपैकी बहुतेक सर्व मोठे लोखंडी पत्रे कापडाच्या वा कातड्याच्या आच्छादनाला आतून रिव्हेटांनी ठोकलेल्या प्रकारची आहेत. परंतु एक मात्र शुद्ध पट्टिका-कवच आहे. चौदाव्या शतकातील पश्चिम युरोपात असे कवच अपवादात्मक. तेव्हा ते पूर्वेकडून आले असावे असे मानून थोर्डेमानने त्याचा माग आशिया खंडभर घेतला.

४

असा माग घेण्याची कल्पना मात्र थोर्डेमानच्याही आधीची आहे. वॉल्टर हफ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १८९० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या कवचांचा अभ्यास केला. बेरिंग सामुद्रधुनीच्या परिसरातील लोक हाडाच्या व हस्तिदंतासारख्या दातांच्या पट्टिका कातड्याच्या वाद्यांनी ओवून कवचे करीत. हफच्या मते ही कला जपानमधून ऐनू, गिल्याक व चुकची लोकांमार्फत ईशान्येकडे सरकत सामुद्रधुनी ओलांडून अमेरिकेत पोहोचली; एका शोधाच्या प्रवासाचे हे स्पष्ट उदाहरण होय असे त्याने मानले.

बर्टोल्ड लाउफर या चीनविद्यातज्ज्ञाने १९१४ मध्ये शिकागोहून प्रसिद्ध केलेल्या, चिनी मृण्मूर्तींवरील आपल्या ग्रंथात कवचांच्या इतिहासाची साधार चर्चा करून या मताला हरकत घेतली. चिनी इतिवृत्तांत इ. स. २६२ मध्ये ईशान्येकडील सु-शेन लोकांनी पाठविलेल्या नजराण्यात कातड्याची, हाडाची व लोखंडाची कवचे असल्याची नोंद आहे. म्हणजे हाडाची कवचे त्या प्रदेशात पुष्कळच प्राचीन होती, आणि त्यांसाठी जपानला गुरू मानण्याचे कारण उरत नाही. लाउफरच्या आक्षेपाचे मर्म असे की केवळ साम्यावरून दिशा ठरत नाही. ‘अ’ सारखे ‘ब’ आहे एवढ्यावरून ‘अ’ पासून ‘ब’ झाले, ‘ब’ पासून ‘अ’ झाले, दोन्ही तिसऱ्यापासून झाली, की दोन्ही स्वतंत्रपणे उद्भवली, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. शरीर वाकले पाहिजे आणि शस्त्र आत शिरू नये, या दोन परस्परविरुद्ध गरजा जेथे जेथे एकत्र येतील तेथे तेथे लहान कठीण तुकडे लवचीक बंधाने जोडण्याची युक्ती माणसाला सुचणे शक्य आहे. खवल्या मांजराला ती युक्ती कोणाकडून उसनी घ्यावी लागली नव्हती. त्याच्याच खवल्यांचा एक हिंदुस्थानी अंगरखा १८२० मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला नजर करण्यात आला, व तो इंग्लंडातील राजकीय शस्त्रागाराच्या संग्रहात आजही आहे.

५

साम्याची तपासणी करावयाची तर छिद्रे आणि बंध पाहावे लागतात. परंतु भूमी बंध सहसा राखत नाही. ऑस्टेन हेन्री लेयार्डने १८४५ नंतर निमरूद येथील असिरियन राजवाड्यात उत्खनन केले तेव्हा त्याला लोखंडी पत्र्या सापडल्या. पुढे १९५७ पासून मॅक्स मॅलोवन याच्या नेतृत्वाखालील पथकाने तेथीलच ‘शाल्मनेसरचा किल्ला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत अशा आणखी पत्र्या उजेडात आणल्या. छिद्रे दिसतात, पण दोरा नाही. निनवे व निमरूद येथील शिल्पांत सैनिकांच्या अंगावर ओळीओळीची कवचे कोरलेली आहेत. तथापि शिल्पकार ओळी कोरतो, गाठी कोरीत नाही. स्वीडनमधील बिर्का येथील दहाव्या शतकातील लष्करी वस्तीतही पट्टिका मिळाल्या आहेत, पण त्या विखुरलेल्या असल्याने संपूर्ण कवचाचे स्वरूप अनुमानानेच ठरवावे लागते. अशा तुटपुंज्या अवशेषांवरून सर्व उत्तरेकडील योद्धे पट्टिका-कवचे घालीत असे चित्र रंगविणे म्हणजे एका विटेवरून नगर उभारण्यासारखे आहे.

लिखित साधनांनी या उणिवेची थोडीफार भरपाई होते. उत्तर इराकमधील नुझी येथे १९२७ ते १९३१ या काळात झालेल्या उत्खननात काशाच्या पत्र्या मिळाल्या, आणि त्याचबरोबर इ. स. पू. पंधराव्या-चौदाव्या शतकांतील मृत्तिकापट्टही मिळाले. त्यांवर कवचाच्या अंगाला किती पत्र्या, बाह्यांना किती, शिरस्त्राणाला किती, असे हिशेब लिहिलेले आहेत. कारकुनाने पत्र्या मोजल्या, कारण काशाला मोल होते. बंधाचा प्रश्न मात्र अशा संख्येने सुटत नाही.

६

यास्तव जेथे बंध दैवयोगाने टिकला आहे ती स्थळे विशेष मोलाची होत. ऑरेल स्टाइनला मध्य आशियातील मीरान येथील तिबेटी किल्ल्यात आठव्या-नवव्या शतकांतील कच्च्या कातड्याच्या, लाखेचा लेप दिलेल्या पट्टिका त्यांच्या वाद्यांसह सापडल्या; वाळवंटाच्या कोरड्या हवेने जे काम केले ते दमट मातीत अशक्य होते. त्याच कोरड्या प्रदेशात तुर्फानजवळील यांगहाय येथे २०१३ मध्ये एका थडग्यात कातड्याचे शल्क-कवच मिळाले. त्यात ५,४४४ लहान व १४० मोठी शल्के असून कार्बन-१४ मापनाने त्याचा काळ इ. स. पू. ७८६ ते ५४३ यांच्या दरम्यान येतो. त्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ते असिरियन साम्राज्याच्या प्रभावक्षेत्रात तयार झाले असावे असे मत मांडले आहे. हे मत पुढे टिको वा न टिको, ते केवळ शल्कांच्या आकारावर उभे नसून संपूर्ण वस्त्राची आखणी व शिवण यांवर उभे आहे. म्हणून हफच्या अनुमानापेक्षा ते वेगळ्या दर्जाचे ठरते.

चीनमधील दाखला आणखी बोलका आहे. पहिला छिन सम्राट याच्या समाधीपाशी १९७४ मध्ये मृण्मय सैन्य सापडले, हे सर्वश्रुत आहे. १९९८ मध्ये त्याच परिसरातील एका खड्ड्यात चुनखडीच्या दगडी पत्र्यांची कवचे मिळाली. एकेका कवचात सुमारे सहाशे पत्र्या. दगडाचे कवच घालून कोणी लढत नाही. ती मृताच्या सेवेसाठी केलेली प्रतिकृती होय. परंतु पत्र्या ओवण्यासाठी तांब्याची तार वापरलेली असल्यामुळे ओवणीचा मार्ग शाबूत राहिला. खऱ्या कवचांचे कातडे व दोरे कुजून गेले, आणि प्रत्यक्ष युद्धात निरुपयोगी अशी प्रतिकृतीच त्या काळच्या रचनेची साक्ष देण्यास उरली. जपानमधील गुन्मा प्रांतात कानाई हिगाशिउरा येथे २०१२ मध्ये सहाव्या शतकाच्या प्रारंभीच्या ज्वालामुखीय राखेखाली पट्टिका-कवच अंगावर असलेला मनुष्य आढळला. थडग्यात ठेवलेले कवच आणि अंगावर घातलेले कवच यांतील अंतर तेथे एकाएकी मिटले.

७

बंध हा केवळ पुराव्याचा प्रश्न नव्हता, तो वापरणाऱ्याच्याही चिंतेचा विषय होता. हे जपानच्या पुढील इतिहासावरून कळते. मध्ययुगीन जपानी कवचाच्या पट्टिका लोखंडाच्या व कच्च्या कातड्याच्या असत. त्यांवर लाखेचा लेप देऊन त्या रंगीत रेशमी गोफांनी विणल्या जात. मुसाशी मिताके येथील देवस्थानात बाराव्या शतकातील लाल गोफांचे एक विख्यात कवच आहे. १९०३ मध्ये त्याच्या गोफांची दुरुस्ती झाली तेव्हा रासायनिक रंगांचे गोफ वापरण्यात आले. कालांतराने हे नवे गोफ फिके पडले, तर मंजिष्ठवर्गीय मुळांच्या रंगात रंगविलेले मूळ गोफ अद्याप लाल आहेत. म्हणजे बंध टिकला तरी तो मूळचा की मागाहूनचा, ही चौकशी उरतेच.

१५४३ मध्ये पोर्तुगीजांमार्फत जपानला बंदूक मिळाली. त्यानंतरच्या काळात मोठे पत्रे एकत्र ठोकून केलेली कवचे प्रचारात आली व गोफांचे प्रमाण घटले. याची कारणे साकाकिबारा कोझान याने १८०० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली आहेत. गोफ भिजले की जड होतात व लवकर वाळत नाहीत, थंडीत गोठतात, त्यांत शिरलेला चिखल धुऊन निघत नाही, दीर्घ मोहिमेत दुर्गंधी येते व उवा होतात, आणि भाल्याचे टोक निसटण्याऐवजी गोफात अडकून राहते. पट्टिकेविषयी तक्रार नाही. सारी तक्रार बंधाविषयी आहे. ज्या बंधाने कवचाला लवचीकपणा दिला त्यानेच त्याला उणेपणाही आणला.

८

दक्षिणेत व उत्तर हिंदुस्थानात या प्रश्नाचे जे उत्तर प्रचलित झाले ते वेगळे होते. तेथे पत्र्या दोऱ्याऐवजी लोखंडी कड्यांनी जोडल्या गेल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस आदिलशाहीतील अदोनीचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर तेथील शस्त्रसाठ्याचा बराच भाग बिकानेरचा महाराजा अनूपसिंह याच्याकडे आला. त्यातील कडी-पट्टिका कवचांवर अदोनीचा निर्देश करणारे देवनागरी लेख ठिपक्यांनी कोरलेले आहेत. त्यामुळे दख्खनच्या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्यास स्थळ व काळ यांविषयी निश्चित आधार मिळतो. याच जोडणीचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे १८०१ मध्ये लेडी क्लाइव्ह हिच्याबरोबर इंग्लंडला गेलेले व सध्या लीड्स येथे असलेले हत्तीचे कवच. त्याच्या आठ भागांपैकी सहा उरले आहेत; त्यांत ५,८४० पत्र्या असून वजन ११८ किलोग्रॅम भरते. संपूर्ण कवचात ८,४३९ पत्र्या व वजन सुमारे १५९ किलोग्रॅम असावे असा हिशेब आहे. असा हिशेब करता येतो, याचे कारण उघड आहे. बंध लोखंडाचा असल्याने उरलेल्या भागांची रचना मोडलेली नाही.

पावसाळी हवेत वाद्या कुजतात म्हणून येथे कड्या आल्या, असे स्पष्टीकरण सहज सुचते. परंतु ते स्वीकारण्यापूर्वी थांबले पाहिजे. हीच जोडणी इराण, तुर्कस्तान व मामलूकांचे मिसर या कोरड्या देशांतही पंधराव्या शतकात प्रचलित होती. तेव्हा केवळ हवामानाने तिचा उलगडा होत नाही. उलट असेही म्हणता येईल की आपल्या संग्रहालयांत कड्यांची कवचे दिसतात आणि ओवलेली दिसत नाहीत, यास टिकाऊपणातील भेदही अंशतः कारण असेल. ‘आईन-ए-अकबरी’तील शस्त्रांच्या यादीत बख्तर, जिरह यांच्या जोडीला ‘जोशन’ हेही नाव येते. सलाहुद्दीनसाठी बाराव्या शतकात युद्धोपकरणांवर ग्रंथ लिहिणाऱ्या तर्सूसीने जोशनचे वर्णन लोखंड, शिंग वा कातडे यांच्या बांधलेल्या पत्र्यांचे कवच असे केले आहे. चार शतकांनंतर अकबराच्या शस्त्रागारात ते नाव त्याच वस्तूला होते की वस्तू बदलून नाव तेवढे राहिले होते, हे नावावरून ठरविता येणार नाही.

९

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की पट्टिकेचा आकार हा संबंधाचा दुर्बल पुरावा आहे. छिद्रांची संख्या व मांडणी त्याहून बलवत्तर, आणि प्रत्यक्ष बंध सर्वांत बलवत्तर. दुसरा असा की पुराव्याची ही प्रतवारी व त्याचा टिकाऊपणा यांचे प्रमाण नेमके व्यस्त आहे. जे अधिक सांगू शकते ते आधी नष्ट होते. तिसरा असा की कवचांच्या प्रसाराचा जो नकाशा आज आपल्यासमोर आहे, त्यात वाळवंट, राख व धातूचा बंध यांनी राखलेली ठिकाणे ठळक दिसतात. जेथे पाऊस व दमट माती आहे ती ठिकाणे रिकामी दिसतात. नकाशावरील ती रिकामी जागा म्हणजे तेथे कवचे नव्हती याचा पुरावा नव्हे.

संग्रहालयातील नोंदवहीत ‘लोखंडी पत्र्या, सच्छिद्र, इतक्या नग’ एवढीच नोंद पुष्कळदा आढळते. प्रत्येक छिद्राची जागा, त्याच्या काठावरील झीज, गंजात उमटलेला कापडाचा वा वादीचा ठसा आणि सापडताना पत्र्या ज्या क्रमाने पडलेल्या होत्या तो क्रम, या गोष्टी तीत नसतील तर पुढील अभ्यासकास अनुमानाशिवाय गती उरत नाही. गंज साफ करणारा हात हा ठसाही पुसून टाकतो. म्हणून पत्र्याला उजाळा देण्याआधी त्यावरील गंज वाचून घेणे, हे उत्खनन करणाऱ्याचे व संग्रहालयाचे पहिले कर्तव्य ठरते.